ढग डोळ्यांनी वाचावेत की मेटारमधून?

विमानांची आवड असणाऱ्याला हवामान शिकायचे असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात: थेट आकाश पाहणे किंवा विमानतळाचा मेटार अहवाल वाचणे. मेटार साधारणपणे तासाला किंवा अर्ध्या तासाला निघतो आणि त्यात वारा, दृश्यमानता, तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे थेंब बनू लागतात) व हवेचा दाब आकड्यांत मिळतो. ‘बीकेएन०१५’ या नोंदीचा अर्थ असा की आकाशाच्या आठ भागांपैकी ५ ते ७ भाग ढगांनी व्यापले असून त्यांचा तळ विमानतळापासून १५०० फूट उंचीवर आहे. इतका नेमकेपणा नुसत्या डोळ्यांना साधत नाही.

मात्र अहवाल एका क्षणाचा असतो, ढग घडताना दिसतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, ठसठशीत कडांचा ढग उंच चढत जातो आणि त्याचा माथा तंतुमय होऊन ऐरणीसारखा पसरतो, तेव्हा तो गडगडाटी क्युम्युलोनिम्बस झालेला असतो; विमाने त्याला लांबून वळसा का घालतात, हे तो बदल पाहिल्यावर मनात पक्के बसते. म्हणून माझ्या मते सुरुवात आकाशापासूनच करावी: ढगाच्या तळाची उंची आधी स्वतः अजमावावी आणि मगच मेटार उघडून ताडून पाहावी. धुक्याच्या बाबतीत मात्र मेटारच सरस, कारण निरभ्र रात्री तापमान दवबिंदूकडे सरकत असल्याचे आकाशात कुठेच दिसत नाही.