बालशिक्षण सल्लागार संस्था: वर्षभराच्या वापरानंतर, आणि मुख्यतः तिथल्या माणसांविषयी

आमच्या संस्थेचं बालक मंदिर सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. बालवर्ग, छोटा शिशू, मोठा शिशू आणि पुढे चौथीपर्यंत मराठी शाळा. गेल्या जूनपासून आम्ही एका बालशिक्षण सल्लागार संस्थेची सेवा घेतो आहोत. शैक्षणिक वर्ष पूर्ण झालं. आता आसपासच्या संस्थांचे कार्यवाह आणि मुख्याध्यापिका फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. संस्थेचं नाव देत नाही. तुमच्याकडे जी कोणती येईल तिला पारखताना हे उपयोगी पडावं, एवढाच हेतू.

सल्लागार हवा का वाटला, ते आधी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा सलग पायाभूत स्तर मानला आणि २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडाही आला. आराखडा खेळ, गोष्ट, गप्पा, हाताने करून पाहणं यांवर उभा आहे. आमच्या ताई मात्र इतकी वर्षं पाटी, दुरेघी वही आणि पाढ्यांवर चालत आल्या होत्या, कारण पालक तेच मागत होते. वर्ग बदलायचा तर कोणीतरी सोबत हवं होतं. पत्रक पाठवून वर्ग बदलत नाही.

विचारणा केल्यावर काही कंपन्यांचे लोक येऊन गेले. पडद्यावर सादरीकरण, रंगीत किट, भिंतींचे रंग, गणवेश, पालकांसाठीचं ॲप. चांगले बोलले, पण वर्गात डोकवावंसं त्यांच्यापैकी कोणाला वाटलं नाही. आम्ही ज्यांना निवडलं त्यांच्याकडून साठीच्या घरातल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘बोलणं नंतर करू, आधी मला मोठ्या शिशूत बसू द्या.’ शाळा सुटेपर्यंत त्या सतरंजीवर मुलांच्या मागे बसून राहिल्या. त्याच दिवशी माझं मत झालं होतं.

या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणतात. स्वतः बालवाडी चालवण्यात त्यांची निम्मी हयात गेली, प्रशिक्षण त्यानंतर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत सुरू केलेलं आणि पुढे कोसबाडला नेलेलं बालशिक्षणाचं काम त्यांच्या बोलण्यात सतत येतं. पण ते भाषणात येत नाही, कामात येतं. मूल बालवाडीपर्यंत पोचत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जायचं, हा ताराबाईंचा विचार. आमच्याकडे कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या कुटुंबांतली काही मुलं येऊन बसतात. ती दारापाशी घुटमळतात, आत रमत नाहीत, असं आम्ही सांगितलं, तेव्हा मोठ्या ताई आमच्या दोन शिक्षिकांना घेऊन थेट त्यांच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर गेल्या. आयांशी बोलल्या, घरी मुलाला काय म्हणून हाक मारतात, कुठली गाणी म्हणतात, पाण्याला, भाकरीला, बैलाला काय म्हणतात, हे विचारून आल्या. दुसऱ्या दिवशी गोलात बसून ते शब्द सगळ्या वर्गाने म्हटले. शिकवणं शक्यतो घरच्या भाषेतून व्हावं असं धोरणात जे लिहिलं आहे ते आमच्या शिक्षिकांना त्या सकाळी समजलं.

शिक्षिकांशी वागण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. आमच्या सर्वांत जुन्या ताईंना धास्ती होती की आता आपल्याला नव्याने सगळं शिकवणार. मोठ्या ताईंनी पहिल्या बैठकीत त्यांनाच विचारलं, ‘तुम्हाला बडबडगीतं किती येतात? म्हणा बघू.’ त्यांनी म्हणायला सुरुवात केली आणि तास कधी संपला ते कळलं नाही. त्याच गाण्यांवर पुढचं सगळं काम उभं राहिलं. शब्दाचे तुकडे पाडत टाळ्या वाजवायच्या, एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द शोधायचे, यमक आलं की उडी मारायची. वाचनाची तयारी अशी कानापासून सुरू होते. अक्षर गिरवणं फार पुढची गोष्ट.

दुसरी व्यक्ती म्हणजे निरीक्षणाला येणारी तरुण मुलगी. दर पंधरवड्याला यायची. हातात वही, बोलणं कमी. तिने जे दाखवलं त्याने मी स्वतः हललो. छोट्या शिशूतला एक मुलगा एक ते पन्नास न अडखळता म्हणायचा, त्याच्या घरी त्याचं केवढं कौतुक. तिने त्याच्यापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि म्हणाली, ‘मला पाच दे.’ त्याने मूठभर दिले. पुन्हा मागितले, पुन्हा मूठ. त्याला आकड्यांची माळ पाठ होती, पण ‘पाच’ म्हणजे केवढे हे अजून उमगलं नव्हतं. तिने ना त्याला चूक म्हटलं ना शिक्षिकेला. पुढचे काही आठवडे डबा खाताना प्रत्येकाला एक ताटली, एक पेला, एक पोळी वाटायचं काम त्या मुलाकडे दिलं. एकास एक लावता लावता त्याला मोजणं आलं. हे करायला किट लागलं नाही. मूल नेमकं कुठे अडलं आहे ते ओळखणारी नजर लागली, आणि आम्ही पैसे त्या नजरेचे दिले असं मी मानतो.

पालकसभेचं काम त्यांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे हाता-बोटांच्या रोजच्या हालचालींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाने केलं. ‘लिहायला कधी लावणार?’ हा आमच्याकडचा दरवर्षीचा प्रश्न. त्याने हाताच्या क्ष-किरण चित्रांच्या प्रती आणल्या होत्या. एक मोठ्या माणसाच्या हाताची, एक लहान मुलाच्या. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि वर्षांगणिक एकेक करत टणक होत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या चित्रात तिथे बहुतेक मोकळी जागाच दिसते. सभेत शांतता पसरली. मग त्याने पालकांनाच कणीक मळायला, शेंगा सोलायला, मणी ओवायला बसवलं आणि बोटांना कुठे जोर लागतो ते दाखवलं. एका आजोबांनी उठून विचारलं, ‘म्हणजे वाटाणे सोलणं हा अभ्यास?’ तो म्हणाला, ‘हो आजोबा, आणि तुम्ही सोबत बसून गप्पा मारल्यात तर भाषेचासुद्धा.’ त्यानंतर घरी वही भरून आणण्याचा हट्ट बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही. दिवाळीनंतर काहींनी खासगी शिकवणी लावलीच.

चौथे गृहस्थ हिशेब आणि व्यवस्था पाहणारे. त्यांचा संबंध थोडा आला, पण सरळ माणूस. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाप्रमाणे ३ ते ६ वयोगटात वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती हवी, आणि तीस मुलांच्या वर्गाला किमान ३५ चौरस मीटर जागा. त्यांनी टेप लावून खोल्या मोजल्या आणि स्पष्ट सांगितलं की एका तुकडीत प्रवेश कमी करा. फीचं उत्पन्न घटणार हे त्यांनाही दिसत होतं. विश्वस्तांच्या बैठकीत त्यावर बराच खल झाला आणि शेवटी आम्ही एक मदतनीस वाढवली, प्रवेशही थोडे आवरले.

आता जे खटकलं ते. दिवाळीनंतर निरीक्षणाला येणारी मुलगी बदलली. तिला दुसऱ्या जिल्ह्याचं काम दिलं गेलं आणि आम्हाला ते ती यायची थांबल्यावर कळलं. तिच्या जागी आलेल्या व्यक्तीचं शिक्षण उत्तम असेल, पण मुलांमध्ये बसायची सवय नव्हती. लॅपटॉपवरून प्रशिक्षण, सगळ्या संज्ञा इंग्रजीत. आमच्या ताई पुन्हा गप्प झाल्या. मागच्या तिमाहीत त्या आपणहून विचारत होत्या, भांडत होत्या, तिथे आता नुसतं ‘हो मॅडम’ ऐकू यायला लागलं. मी कळवल्यावर मोठ्या ताई स्वतः महिनाभर येत राहिल्या आणि गाडी रुळावर आली. तरी जून-जुलैत बसलेली घडी मोडली, त्यात मुलांचा वेळ गेला.

छापील साप्ताहिक आराखड्यांवर माझा राग आहे. हिवाळ्याच्या आठवड्यात कापसाचा बर्फमानव करायला सांगितला होता. आमच्या मुलांचा हिवाळा म्हणजे शेकोटी, हुरडा, उसाची मोळी, संक्रांतीचं बोरन्हाण. आमच्या शिक्षिकांनी तो आठवडा संपूर्ण बदलून घेतला. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणून वर्गीकरण, मोजणी, चवी, गोष्ट, सगळं त्यातून केलं. मोठ्या ताईंनी तो पाहून मूळ आराखडा बाजूला ठेवला, हा त्यांचा मोठेपणा. पण ज्यांच्याकडे अशा ताई पोचत नाहीत त्या शाळा बर्फमानवच करत असतील, आणि ते थांबायला हवं.

खर्च लहान संस्थेला जड आहे. आमच्याकडच्या दोन शिक्षिकांच्या वर्षभराच्या मानधनाएवढा. म्हणून आम्ही पालकांचं ॲप आणि किट घेतलं नाही, फक्त माणसांचे दिवस घेतले. खेळणी गावातल्या सुताराकडून ठोकळे, कुंभाराकडून माती, घराघरांतून शंख-शिंपले, बाटल्यांची झाकणं अशी जमवली. सल्लागारांनी त्याला हरकत घेतली नाही, उलट सुताराला ठोकळ्यांची मापं काढून दिली.

फरक काय पडला, तर मोठ्या शिशूतून पहिलीत गेलेल्या मुलांच्या बाई सांगतात की ही मुलं प्रश्न विचारतात, आणि चित्र दाखवलं की पूर्ण वाक्यात बोलतात. अक्षरं काहींना कमी येतात, हेही त्या सांगतात. सुरुवातीला याची चिंता होती, पण ती मुलं बरोबरीला आली. आमच्या जुन्या ताई आता शेजारच्या गावातल्या अंगणवाडी सेविकांना गाणी शिकवायला जातात.

पुढच्या वर्षाचा करार आम्ही करतो आहोत, पण अटी बदलून. वर्गात कोण येणार त्यांची नावं करारात लिहून हवीत. व्यक्ती बदलायची तर महिनाभर आधी सांगायचं आणि जुनी-नवी दोघींनी किमान दोन भेटी एकत्र द्यायच्या. येणाऱ्या व्यक्तीने स्वतः मुलांचा वर्ग चालवलेला असला पाहिजे. आणि साप्ताहिक आराखडा आमच्या ताई लिहितील, त्यांनी तो तपासायचा. शेवटच्या अटीवर त्यांच्या कार्यालयाने विचार करायला वेळ मागितला होता. मोठ्या ताईंनी परवा फोन करून होकार कळवला.