एमपेग-४चा डबा, आठ महिन्यांनंतर: चॅनेल बदलायला किती वेळ लागतो ते कुणीच सांगत नाही

गेल्या मे महिन्यात येळ्ळूरला वळवाचा पाऊस झाला, वीज कडाडली आणि आमचा दूरदर्शनच्या फुकटातल्या फ्री डिशचा जुना डबा गेला. एमपेग-२वाला, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा, दहा वर्षं न कुरकुरता चाललेला. शेजाऱ्यांकडं तसलीच छत्री असून चॅनेल जास्त दिसायचे, तरी चालू डबा बदलायचा म्हणजे पैशाला काय ऊत आलाय? शेवटी बेळगावात गणपत गल्लीत साडेबाराशे मोजून एमपेग-४चा, म्हणजे त्यापुढच्या पद्धतीचा आणला. छत्री, तिच्या तोंडाशी सिग्नल पकडणारी एलएनबी, वायर सगळं जुनंच चाललं. चित्र स्वच्छ, चॅनेल वाढले. झालं कौतुक.

आता मुद्दा. बटण दाबलं की पडदा काळा. एक... दोन... मग चित्र. जुन्यावर एवढं ताटकळावं लागत नव्हतं. आईसाठी मी दूरदर्शनचे मराठी सह्याद्री आणि कानडी चंदना शेजारी शेजारी आणून ठेवलेत. जाहिराती लागल्या की ती इकडून तिकडं जाते. पडदा काळा दिसला की तिला वाटतं बटण लागलंच नाही. ती परत दाबते आणि आम्ही थेट भोजपुरीवर. 'हे काय लावलंस रे?' म्हणते मलाच.

जूनमध्ये भर पावसात डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात नेला. 'सिग्नल फुल्ल ऐत्री,' दुकानदार कानडीत म्हणाला आणि गॅरंटी कार्ड न बघताच परत दिलं. मी हट्टानं त्याचाच दुसरा डबा लावायला लावला. तोही तसाच, एक... दोन...

भाचा केबलच्या कामात आहे, त्यानं उलगडा केला. व्हिडिओ दाबून पाठवताना प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत. एक पूर्ण, त्यापुढं नुसतं काय हललं तेवढंच. आपण मधेच त्या चॅनेलवर गेलो की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत डबा थांबतो, खानापूरची बस चुकल्यासारखा. एमपेग-२मध्ये साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र यायचं. एमपेग-४मध्ये ती बरीच लांब लांब ठेवता येतात, जागा वाचते. हा प्रकार, म्हणजे एच.२६४, २००३ सालचा. जवळपास निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवतो. त्याच उपग्रहावर जास्त चॅनेल मावतात ते ह्या काटकसरीमुळं. काटकसर मला कळते, पण ती त्यांनी करायची आणि थांबायचं आमच्या आईनं!

तर दुकानदाराला घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या मागं घेतो. उरलेल्या गॅरंटी कार्डाच्या. पावसात चित्र थिजतं ते जुन्यावरही थिजायचं, छत्रीवर सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या केयू बँडला पाऊस सोसत नाही. त्यात डब्याचा दोष नाही.

गेल्या आठवड्यात त्याच दुकानात गेलो तर एच.२६५चा डबा पुढं केला. २०१३ सालचं तंत्र, ह्याच्याही निम्म्या जागेत बसतं म्हणे. मी एवढंच विचारलं, चॅनेल बदलायला किती वेळ लागतो? त्यानं पेन ड्राइव्ह लावून एक व्हिडिओ दाखवला. पेन ड्राइव्हवर कुठं चॅनेल बदलतात?