‘व्हेरिफिकेशनसाठी ओरिजिनल ठेवून जा’ म्हणाले, तर ठेवू नका

दहावीचा निकाल लागला की आमच्या मराठवाड्यात ‘इंटिग्रेटेड’ची घाई सुरू होते. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी क्लासमध्ये करायची आणि नाव कुठल्या तरी टाय-अप ज्युनिअर कॉलेजच्या पटावर लावायचं. माझ्या भाचीचा प्रवेशही असाच झाला. मोठी रक्कम क्लासच्या खात्यात गेली, कॉलेजची पावती मात्र किरकोळ रकमेची. त्याच दिवशी काउंटरवर दहावीची मूळ गुणपत्रिका घेतली. ‘व्हेरिफिकेशन झालं की देतो.’ ताईने पोच मागितली, तर उत्तर आलं, ‘सगळ्यांचीच इथे आहेत, काळजी करू नका.’

अकरावी संपता संपता पोरीची तब्येत खालावली. होस्टेल सोडून गावाजवळच्या कॉलेजात बारावी करायचं ठरलं. ताई आणि दाजी दाखला व गुणपत्रिका आणायला गेले तेव्हा खरा प्रकार समोर आला. क्लार्कने फाईल काढली. गुणपत्रिका प्लास्टिकच्या पाकिटात समोर दिसत होती आणि पाकिटावर लाल पेनने ‘ड्यू’ लिहिलेलं. कसलं ड्यू? तर पुढच्या वर्षाची पूर्ण फी. ज्या वर्षी पोरगी तिथे पाऊलही ठेवणार नव्हती, त्या वर्षाची! ‘तुम्ही सीट अडवली होती,’ एवढंच कारण.

मग जिन्यात एक ‘कोऑर्डिनेटर’ भेटला. तीस हजार रोख द्या, संध्याकाळपर्यंत कागद हातात. नव्या कॉलेजची प्रवेशाची मुदत संपत आली होती. दाजींनी सोयाबीनचे आलेले पैसे दिले. पावती नाही. संध्याकाळी हातात पडली शिक्का मारलेली झेरॉक्स. मूळ प्रत म्हणे ‘हेड ऑफिसला गेलीय’. वर पाचशेच्या स्टँप पेपरवर हमीपत्र पुढे केलं: ‘प्रवेश स्वेच्छेने रद्द करत आहोत, उर्वरित फी देणे मान्य आहे.’ ताईने सही केली नाही, आणि तिथेच आम्ही वाचलो. हा कागद सगळ्यांत घातक. त्यावर सही झाली की नसलेली थकबाकी तुम्हीच कबूल केलेली असते.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण याच गोंधळाचा ते फायदा घेतात. शाळेचा दाखला अकरावीच्या प्रवेशावेळी कॉलेजकडे जमा होतो, ते रीतसरच आहे. सोडून जाताना कॉलेज स्वतःचा दाखला देतं. गुणपत्रिकेचं तसं नाही. ती राज्य शिक्षण मंडळाने विद्यार्थ्याला दिलेली असते. पडताळून लगेच परत करायची, बस्स. थकबाकी खरोखर असेल तर वसुलीचे कायदेशीर मार्ग संस्थेला मोकळे आहेत, पण मुलांचे कागद म्हणजे सावकाराकडचं तारण नव्हे.

अर्जात शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ लिहा, असं बरेच जण सुचवतात. दाखला ताबडतोब द्यावा असं ते कलम सांगतं खरं, पण तो कायदा आठवीपर्यंतचा. अकरावीच्या अर्जात तेच लिहिलंत तर समोरचा नेमकं तेवढंच पकडतो. पदवी कॉलेजांसाठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ची अधिसूचना आहे, मूळ प्रमाणपत्रं संस्थेने ताब्यात ठेवायची नाहीत अशी. तुमचं मूल कुठल्या वर्गात आहे ते बघून आधार घ्या.

आम्हाला उपयोगी पडला तो साधा अर्ज, प्राचार्यांच्या नावे. कोणते मूळ कागद, कोणत्या तारखेला दिले, आणि कोणत्या नियमाखाली अडवले ते लेखी कळवा. आवक शिक्का द्यायला क्लार्कने नकार दिला, म्हणून स्पीड पोस्टने पाठवला. प्रती शिक्षण उपसंचालक कार्यालयाला आणि विभागीय मंडळाला. ज्युनिअर कॉलेजची तक्रार उपसंचालकांकडे जाते. अर्जाला ‘ड्यू’ लिहिलेल्या पाकिटाचा फोटो जोडला होता, भाचीने हळूच काढलेला. उपसंचालक कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र गेलं आणि हेड ऑफिसला गेलेली गुणपत्रिका त्याच कपाटात सापडली. परत घेतानाही ‘कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून मागत होते. ताईने लिहिलं, ‘मूळ गुणपत्रिका व दाखला आज मिळाला.’ खाली सही आणि तारीख, बाकी काही नाही.

कागद अडकले असतील तर मुलाचं वर्ष त्यांच्या दयेवर सोडू नका. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते, आणि दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून रीतसर अर्ज करून काढता येते. नव्या कॉलेजच्या प्राचार्यांना तक्रारीची प्रत दाखवा. आमच्या इथल्या मॅडमनी तेवढ्यावर तात्पुरता प्रवेश देऊन पोरीला वर्गात बसवलं.

रोख दिलेले तीस हजार मात्र गेले. तो कोऑर्डिनेटर आता ‘आमचा माणूसच नाही’ म्हणे. त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आम्ही पुसलेले नाहीत. क्लासविरुद्धची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायचे कागद ताई स्वतः जमवते आहे.