सिनेमा आणि गाणी, दोन्हींसाठी एकच संच: आठ महिन्यांनंतर

टीव्हीही त्याच खोलीत आणि गाणीही, त्यामुळे दोन्ही कामांना पुरतील असे स्पीकर हवे होते. जमिनीवर उभे राहणारे टॉवर की स्टँडवर ठेवायचे छोटे बुकशेल्फ, यावर बरेच दिवस घोळ घातला. शेवटी साडेसहा इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा ड्रायव्हर) दोन बुकशेल्फ, त्याच मालिकेतला संवादांसाठीचा मधला 'सेंटर', मागे दोन छोटे स्पीकर आणि नुसत्या खर्जासाठी एक सबवूफर, असा ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) संच घेतला.

पहिला महिना पस्तावलो. डग्ग्याची आस ऐकू यायच्या ऐवजी नुसतं ढुम्म. सबवूफरला शिव्या घालत होतो, पण खरा गुन्हेगार सोफा निघाला. तो मागच्या भिंतीला चिकटलेला होता आणि खोलीची लांबी ४.३ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्या हिशेबाने एवढ्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ठाण मांडून बसतो. भिंतीपाशी फुगतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतो. सोफा एक मीटर पुढे ओढला. (घरात यावरून दोन दिवस अबोला होता.) मग सबवूफरची जागा शोधायला तोच सोफ्यावर चढवला, एकच गाणं सुरू ठेवलं आणि भिंतीकडेने रांगत कुठे बास सरळ ऐकू येतो ते शोधत फिरलो. दिसायला वेडेपणाच, पण जागा सापडली, आणि ती मी ठरवलेल्या कोपऱ्यात नव्हतीच.

सोफा हलल्याचा आणखी एक फायदा झाला. मागचे स्पीकर कानांच्या किंचित मागे, समोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर यायला हवेत. आधी तिथे भिंतच होती.

रिसीव्हरने (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरने) आपोआप मोजमाप घेऊन पुढचे स्पीकर 'लार्ज', म्हणजे सगळा बास स्वतः वाजवणारे, ठरवले होते. ते 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. एवढ्या हौसेने घेतलेल्या स्पीकरला स्मॉल म्हणायचं जिवावर आलं होतं, पण खालचा भार सबवूफरकडे गेल्यावर त्यांचा आवाज मोकळा झाला. स्पीकरच्या डब्याचं बासचं भोक मागे, भिंतीकडे आहे; बास फुगू नये म्हणून त्यात सोबत आलेले फोमचे बोळेही बसवले. गाण्यांना फरक पडला, सिनेमात फारसा जाणवला नाही.

माझी निवड चुकली ती सेंटरमध्ये. दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा ड्रायव्हर), असा आडवा डबा आहे. समोर बसलं की झकास. कडेला बसलं की दोन वूफरचे आवाज कानापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतात, एकमेकांना खातात आणि संवाद दबतात. फडताळाच्या आत सरकवून ठेवला होता तेव्हा तर माणसं मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटायची. कडेपर्यंत पुढे ओढून कानांकडे किंचित तिरका केल्यावर सुधारलं, पण कडेची तक्रार आहेच. आज घ्यायचा झाला तर मधल्या सुरांच्या ड्रायव्हरवर ट्वीटर उभा बसवलेला थ्री-वे (खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळे ड्रायव्हर असलेला) घेईन, आणि पैसे मागच्या दोघांवर वाचवीन. त्यांना गाण्यांच्या वेळी कामच नसतं, गाणी मी साध्या स्टिरिओतच ऐकतो.

वॅटच्या आकड्यांमागे मात्र लागू नका. वॅट दुप्पट केले तरी जेमतेम ३ डेसिबल वाढतात. माझे स्पीकर ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे, म्हणजे तेवढ्याच वॅटला जरा कमी आवाज देणारे आहेत, तरी या खोलीत आवाजाचा खटका कधी निम्म्याच्या वर गेला नाही.

एक खरखर अजून छळत होती, ठरावीक खर्जालाच येणारी. स्पीकर उघडायच्या बेतात होतो. शोकेसची काच निघाली. कागदाची घडी खोचली आहे.