इक्विलॅब: पोकरच्या हातांची टक्केवारी काढणारं मोफत सॉफ्टवेअर

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारासाठी विंडोजवर चालणारं हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्याने आधी घ्यावं. प्रत्येक खेळाडूच्या रकान्यात पत्ते किंवा रेंज (त्याच्याकडे असू शकणाऱ्या हातांचा संच) भरा, बोर्डवरचे (टेबलावर उघडलेले सामाईक) पत्ते टाका, की इक्विटी, म्हणजे पॉटमधला सरासरी वाटा, समोर येते.

खरी ताकद रेंजमध्ये आहे. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा कुठल्याही दोन पत्त्यांसमोर सुमारे 65 टक्के जिंकतात. समोर फक्त राण्यांची जोडी किंवा त्याहून मोठी जोडी आणि एक्का-राजा एवढीच रेंज ठेवली, की तोच आकडा 39 च्या आसपास घसरतो. तुमच्या हातातल्या पत्त्यांमुळे समोरच्याकडे शक्य असलेल्या एक्क्यांच्या जोड्या 6 वरून 3 वर येतात, राजांच्याही तशाच. ही वजाबाकी सॉफ्टवेअर आपोआप करतं, कागदावर ती हमखास सुटते. खेळ सोडलेल्या (फोल्ड केलेल्या) खेळाडूच्या हातातलं पान दिसलं असेल तर ते डेड कार्ड्समध्ये (खेळातून बाद पानांच्या रकान्यात) भराच.

ठराविक दोन हातांसाठी फ्लॉपनंतर (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) 990च बोर्ड उरतात, तिथे पूर्ण मोजणी निवडा. फ्लॉपआधी 17,12,304 बोर्ड असतात. रेंज मोठ्या असल्या की माँटे कार्लो (यादृच्छिक पत्ते वाटून अंदाज काढणारी पद्धत) घ्या. 10,000 चाचण्यांत अर्ध्या टक्क्याची चूक सहज येते, म्हणून दहा लाखांपर्यंत जाऊ द्या.

पॉट (मधली जमा रक्कम) 100, समोरच्याची बेट 50, तर कॉलला (तेवढेच पैसे भरून खेळात राहायला) 25 टक्के इक्विटी हवी. पण हा हिशोब पुढची बेटिंग धरत नाही. कच्च्या ड्रॉला (अजून पूर्ण न झालेल्या हाताला) टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) फोल्ड करावं लागतं, तेव्हा पडद्यावरची टक्केवारी पूर्ण पदरात पडत नाही. त्यासाठी सॉल्व्हर, म्हणजे पुढची बेटिंगही धरून डावपेच काढणारं सॉफ्टवेअर, लागतं.