चांदीचा म्हणून विकलेला माउथपीस

गेल्या श्रावणात तूबा या मोठ्या पितळी वाद्याच्या एका माउथपीसपायी, म्हणजे ओठ लावून फुंकायच्या तुकड्यापायी, माझे साडेनऊ हजार रुपये गेले आणि माझ्या शब्दावर विसंबून माझ्या एका विद्यार्थ्याचेही तेवढेच गेले. माझ्या पैशांचं सोडा, पेन्शन येते. पोराचे पैसे गेले ते मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. पितळी वाद्यं वाजवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांपैकी आणखी कुणी या माणसाच्या किंवा त्याच्यासारख्याच्या हाती लागू नये, म्हणून जे झालं ते लिहितोय.

मी फौजी बँडमधला. पचमढीला शिकलो आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये वाजवलं. बाहेर ज्याला तूबा म्हणतात त्याला आम्ही बास म्हणायचो. निवृत्त झाल्यापासून कोल्हापुरात शाळेच्या बँडला शिकवतो. लग्नाच्या बँडमधली चार-पाच पोरंही संध्याकाळी घरी येतात.

माझ्या जुन्या माउथपीसच्या कडेची चांदी झिजून खालचं पितळ उघडं पडलं होतं. उघडं पितळ ओठाला लागलं की मला तासाभरात आग सुरू होते. गणपतीआधी दुसरा हवा होता. आपल्याकडच्या दुकानांत ट्रम्पेटचे माउथपीस मिळतात, तूबाचे सहसा नसतात, आणि परदेशातून मागवायचा तर कस्टमसकट भलताच महाग पडतो. मोबाइलवर शोधता शोधता एक माणूस सापडला. 'स्वतःची छोटी कार्यशाळा, एकेक नग हाताने' असं लिहिलेलं होतं.

छोटा कारागीर म्हणून मला शंका आली नाही आणि ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. या धंद्यातली मोठी नावं अशीच उभी राहिली. व्हिन्सेंट बाख मूळचा ट्रम्पेट वाजवणारा, १९१८ साली न्यू यॉर्कमध्ये त्याने माउथपीस बनवायला सुरुवात केली. डेनिस विक हे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ट्रॉम्बोनवादक, त्यांनी १९६८ मध्ये सुरू केलं. जगभरचे तूबावाले ज्याची नक्कल करतात तो खोल, नरसाळ्यासारख्या कपाचा (कप म्हणजे ओठ टेकतो ती वाटी) हेलेबर्ग माउथपीस अमेरिकेतल्या सूझाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या ऑगस्ट हेलेबर्ग यांच्या नावाचा. वाजवणाऱ्याला काय हवं ते वाजवणाराच जाणतो, आणि हा माणूसही स्वतःला वाजवणाराच म्हणवत होता.

फोनवर अतिशय गोड बोलायचा. 'उस्ताद, फौजी माणसाला मी फसवीन का?' म्हणाला. अख्ख्या पितळी बारमधून कातलेला, हेलेबर्गच्या मापाचा, वर चांदीचा जाड मुलामा. फोटोही पाठवले. आता मागे वळून पाहताना एक गोष्ट टोचते. माझा बास कुठल्या पट्टीचा, ई फ्लॅट की बी फ्लॅट, कुठल्या बनावटीचा, हे त्याने एकदाही विचारलं नाही. माउथपीसची दांडी, म्हणजे शँक, तीन मापांची असते. जुन्या ब्रिटिश बासची बारीक, अमेरिकन त्याहून जाड, युरोपियन सगळ्यात जाड. फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचा, पण तेवढ्यावर सगळं अडतं. खरा कारागीर हे विचारल्याशिवाय यंत्र चालू करत नाही. मी चाळीस वर्षांचा वाजवणारा, आणि हे मीही त्याला सांगितलं नाही. पैसे यूपीआयवर पाठवले तेव्हा समोर आलेलं नाव कार्यशाळेचं नव्हतं, भलत्याच बाईचं होतं. 'ते घरचं खातं आहे' म्हणाला. पाठवले.

गणपतीच्या दोन दिवस आधी पार्सल आलं. मखमली पिशवी, चकचकीत नग, त्यावर कोरलेलं नाव. बासला लावला तर नेहमीपेक्षा बराच आत गेला आणि हाताने हलवला की डगडग हलत होता. लगेच फोन केला. 'थोडा सैलच चांगला उस्ताद, नाद मोकळा होतो. पंधरा-वीस दिवस वाजवा, तुमचा ओठ जुन्या मापाला चिकटलाय, नव्याला बसायला वेळ लागणारच.'

खरी फसवणूक झाली ती इथे. माझ्या मते वस्तूपेक्षा हे बोलणं जास्त घातक होतं. ओठाला नवी सवय व्हायला वेळ लागतो हे खरंच आहे, प्रत्येक वाजवणाऱ्याला ते माहीत असतं. तो त्या खऱ्या गोष्टीच्या आड लपला. खालचे सूर बसेनात, वरचे चपटे निघायला लागले, सप्तकं एकमेकांशी जुळेनात. मी रोज पहाटे उठून लांब सूर धरत होतो आणि मनात म्हणत होतो, वय झालं, ओठ गेला. बायकोला म्हणालो सुद्धा, की पुढच्या वर्षीपासून मिरवणुकीला नाही जाणार.

याच दिवसांत विद्यार्थ्याने विचारलं, 'सर, मीपण घेऊ का तसलाच?' दोष माझ्या ओठाचा आहे असं मी धरून चाललो होतो. म्हणालो, घे. दोन सीझनच्या वराती वाजवून साठवलेले पैसे होते त्याचे.

त्याचाही नग तसाच निघाला. विशीतल्या पोराचा ओठ तर म्हातारा झालेला नसतो! दोन्ही माउथपीस घेऊन मी उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी नग नुसता हातात फिरवला, मग उजेडाकडे धरून मागून बघितलं आणि मला म्हणाले, 'हवालदारसाहेब, तुम्हीच बघा.' शँककडून पाहिलं की कपाच्या तळाशी मधलं छिद्र गोल आणि बरोबर मध्यावर दिसायला हवं. इथे एका बाजूला पितळाची कड चंद्रकोरीसारखी दिसत होती. म्हणजे छिद्र मध्यावर पाडलेलंच नव्हतं. मग त्यांनी शँकच्या टोकावर पॉलिश पेपर मारला. मुलाम्याखालून सुईच्या टोकाएवढी तीन भोकं वर आली. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव आहे, ब्लो होल, म्हणजे ओतकामात हवा अडकून पडलेलं भोक, इथे शेंबडं पोर ओळखतं. बारमधून कातलेल्या पितळात ब्लो होल नसतात. हे ओतीव होतं, वरवर घासून चमकवलेलं. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला तर एकाच मापाचे म्हणून विकलेल्या दोन नगांच्या शँकमध्ये पाव मिलीमीटरचा फरक आला.

चांदीचं घरीच कळलं. चांदीचा चमचा उकडलेल्या अंड्यात राहिला की काळवंडतो, हे बायकोच्या लक्षात होतं. तिने माझा जुना माउथपीस आणि हा नवा, दोन्ही एका डब्यात उकडलेल्या अंड्याच्या कुस्करलेल्या बलकाशेजारी रात्रभर झाकून ठेवले. सकाळी जुन्याची जिथे चांदी शिल्लक होती तिथे तपकिरी-काळा थर आला होता. नवा जसाच्या तसा पांढरा लखलखीत. तो निकेलचा मुलामा असावा, असं मिस्त्रींचं मत. निकेल काहींच्या कातडीला सोसत नाही, आणि विद्यार्थ्याच्या ओठाभोवती पुरळ आलं होतं ते त्यानेच असेल, असं मला वाटतं.

फोन केला. 'परत करायची मुदत पंधरा दिवस होती उस्ताद, तुम्ही सोळाव्या दिवशी बोलताय.' वीस दिवस थांबा म्हणून सांगणारा हाच माणूस. त्यानंतर फोन उचलणं बंद.

आता कुणी विचारायला आलं की मी काय सांगतो ते इथेही सांगतो. छोट्या कारागिराकडून जरूर घ्या, पण आधी आपल्या बासच्या रिसीव्हरचं, म्हणजे शँक जिथे बसते त्या नळीचं, माप व्हर्नियरने घ्या. कपाची रुंदी, मधलं छिद्र, शँकच्या टोकाचा व्यास, ही तीन मापं मिलीमीटरमध्ये लिहून मागा. तूबाला कप साधारण ३१ ते ३४ मिमी आणि छिद्र आठच्या आगेमागे असतं. ज्याने स्वतः कातलंय त्याला ही मापं तोंडपाठ असतात, आणि ज्याने नाही कातलं तो नादाच्या गप्पा मारतो. नग हातात आला की ओठ लावण्याआधी उजेडाकडे धरा, मग रिसीव्हरमध्ये हलकेच बसवून हलवून बघा. डगडगला तर त्याच दिवशी लेखी कळवा, व्हिडिओ काढून ठेवा. बिल नाही तर पैसे नाहीत. खात्यावरचं नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा. आणि 'ओठ बसू द्या' हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून घेऊ नका. ते तुमच्या गुरूने म्हणावं.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला असता तर काही अडवता आले असते. मी दोन आठवडे ओठालाच दोष देत बसलो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. हे मला वकील असलेल्या माझ्या भाच्याने सांगितलं. कागद तोच तयार करतोय.

पोराचे साडेनऊ हजार मी दिले. तो घेत नव्हता, त्याच्या आईच्या हातात ठेवून आलो. माझ्या जुन्या माउथपीसला मिस्त्रींच्या ओळखीने पुन्हा चांदी चढवून घेतली, त्यावर आता तो वाजवतो. परवा संध्याकाळी त्याने खालचा बी फ्लॅट धरला, पंधरा-सोळा सेकंद, न हलता. मी खिडकीशी बसून ऐकत होतो.