विंडोज म्हणतंय १०५० टीआय, आत मात्र २०१० चं कार्ड

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण यात माझ्या भाच्याचं नुकसान झालंय आणि पोरगं अजून त्यातून सावरलेलं नाही. पण परवा आमच्याच कंपनीतला एकजण मोबाईलवर तसल्याच बनावट ग्राफिक्स कार्डाची (कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) जाहिरात दाखवून विचारायला लागला की घेऊ का, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसी मशीनवर आहे, कॉम्प्युटर जोडणं हा माझा पंधरा वर्षांचा नाद. जुनी मशीनं आणायची, उघडायची, साफ करायची, रॅम वाढवायची, कुणा गरजू पोराला द्यायची. भाचा कागलला असतो, त्याला अ‍ॅनिमेशन शिकायचंय. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पोरगं रात्र रात्र जागून शिकतंय, पण एकेक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे पूर्ण चित्र तयार व्हायला, दहा-बारा मिनिटं लागायची, ते बघून ताई म्हणाली, अरे तू कार्ड की काय म्हणतोस ते बसवून दे की त्याला. दाजींनी पाच हजार काढून दिले.

राजारामपुरीत मी नेहमी ज्यांच्याकडे जातो ते काका जुनं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड द्यायला तयार होते, स्वतः लावून, चालवून, महिनाभराच्या बोलीवर, पण दोन हजार जास्त सांगत होते. आणि ऑनलाइन तेच कार्ड, चार जीबी, नवं कोरं, ४,६५० ला दिसलं, चार स्टार, खाली शेकडो लोकांचे रिव्ह्यू. मी रिव्ह्यू वाचले पण ते कार्ड येऊन दोन दिवसांत लिहिलेले होते, "डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग छान" असले. कार्ड महिनाभर वापरून कुणी काय लिहिलंय ते शोधायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही. ऑर्डर टाकली, पत्ता थेट कागलचा दिला.

पार्सल आलं, भाच्याने मला व्हिडिओ कॉलवर घेतलं, बसवलं, विंडोज चालू झालं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या भागांच्या यादीत, जीटीएक्स १०५० टीआय असं नाव आलं. पोरगं नाचायला लागलं. मी पण म्हटलं, बास, झालं काम. डब्यात एक सीडी आणि एक चिठ्ठी होती, ड्रायव्हर (कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) फक्त या सीडीतलाच टाका, अपडेट करू नका म्हणून. तिथंच मला खटकायला पाहिजे होतं. चांगल्या कार्डाला असली अट कोण घालतंय?

मग ब्लेंडर उघडलं तर रेंडरच्या सेटिंगमध्ये कार्डच दिसेना. पहिल्यांदा वाटलं ड्रायव्हर जुना असेल, नवा टाकला तर स्क्रीन काळी. परत सीडीतला टाकला तर चालू. गेम लावला तर पाच मिनिटांत स्क्रीनवर रंगीत चौकोन आणि बंद. चार दिवस असेच गेले. रविवारी मी कागलला गेलो, कॅबिनेट उघडलं आणि कार्डाच्या मागं बघितलं तर व्हीजीएचा, म्हणजे जुन्या मॉनिटरची केबल लावायचा, निळा पोर्ट. तेव्हाच पोटात गोळा आला. १०५० टीआय २०१६ चं, पास्कल पिढीचं, त्या चिपमधनं अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे असल्या कार्डावर व्हीजीए दिसला की शंका घ्यायची. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, ते उघडलं तर नावाच्या अलीकडे कंसात फेक असं लिहून आलं. २०१८ पासून त्या सॉफ्टवेअरला असली कार्डं ओळखता येतात. आत जीटीएस ४५० ची चिप होती. २०१० चं कार्ड. कुठं १०५० टीआयचे ७६८ कोअर (चिपमधले आकडेमोड करणारे भाग) आणि कुठं हिचे १९२.

हे कसं करतात ते नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं कॉम्प्युटरने नाव दाखवलं म्हणजे खरंच असणार. कार्डावर एक बारकी बायोसची चिप असते, त्यात कार्डाची ओळख लिहिलेली असते, विंडोज फक्त ती वाचून दाखवतंय, आत काय आहे ते तपासत नाही. हे लोक जुन्या भंगारातल्या कार्डाची बायोस बदलतात, नवी ओळख आणि चार जीबी असा खोटा आकडा लिहितात, वर नवा पंखा आणि चकचकीत प्लास्टिक बसवतात. चित्र दिसतंय, व्हिडिओ चालतोय, साध्या वापरात काय कळत नाही. जेव्हा खरोखर मेमरी भरायला लागते तेव्हा ते कोसळतं. आणि जीटीएस ४५० च्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडिया कंपनीने २०१८ मध्येच नवे ड्रायव्हर देणं थांबवलं, म्हणून ती सीडी. ब्लेंडरने पण २.८ पासून इतकी जुनी कार्डं रेंडरसाठी घेणं सोडून दिलंय, म्हणून ते यादीत येत नव्हतं. म्हणजे ब्लेंडर पहिल्याच दिवशी खरं सांगत होतं आणि आम्ही डिव्हाइस मॅनेजरवर विश्वास ठेवून बसलो.

आता खरा त्रास पुढचा. भाच्याने मी जायच्या आधीच, तिसऱ्या दिवशी, अ‍ॅपवर रिटर्न टाकलं होतं, कार्ड नीट चालत नाही म्हणून. त्यांनी स्क्रीनशॉट मागितला. त्याने डिव्हाइस मॅनेजरचा पाठवला. तिकडनं उत्तर आलं की स्क्रीनशॉटमध्ये १०५० टीआयच दिसतंय, म्हणजे वस्तू बरोबर आहे, रिटर्न नामंजूर. त्यांचंच खोटं नाव आमच्याविरुद्ध पुरावा झालं. मी नंतर जीपीयू-झेडचे फोटो, व्हीजीए पोर्टचा फोटो सगळं पाठवलं तोवर सात दिवसांची मुदत संपलेली, चॅटवर एकच ठोकळेबाज उत्तर येत राहिलं.

आणि मग पोराने एक गोष्ट केली जी मला सांगितली नाही. त्याला वाईट वाटत होतं, वडिलांचे पैसे गेले म्हणून. त्याने गूगलवर त्या शॉपिंग साइटचा कस्टमर केअर नंबर शोधला, वर जो पहिला नंबर आला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस चांगलं मराठी बोलत होता, ऑर्डरचं नाव ऐकून घेतलं, हळहळला, म्हणाला रिफंड आजच करून देतो, एक अ‍ॅप घ्या म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, आणि खातं तपासायला दहा रुपये पाठवा. पोराने ताईच्या यूपीआयवरनं पाठवले, पिन टाकला. स्क्रीन त्या माणसाला दिसतच होती. ९,४०० गेले. दोन वेळा मिळून.

इथं मला सगळ्यांना हात जोडून सांगायचंय, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातनं बाहेर चाललेत. आणि कस्टमर केअरचा नंबर अ‍ॅपच्या आतनंच घ्यायचा, शोधून वर आलेला नंबर कुणाचा पण असतो.

सुदैवाने ताई त्या दिवशी घरी होती, मोबाईलवर बँकेचे मेसेज बघून तिने मला फोन केला. मी मशीन बंद करून बाहेर आलो, तिला म्हटलं आधी १९३० लाव, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, बाकीचं नंतर बोलू. अर्ध्या तासाच्या आत तक्रार गेली. ताईला मी पोरावर ओरडू दिलं नाही. नंतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर लेखी तक्रार, व्यवहाराचे नंबर, बँकेचं स्टेटमेंट, सगळं केलं. सहा हजारांच्या आसपास रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली, बाकीची तोवर काढून झाली होती. अडवलेली अजून हातात आलेली नाही, ती सोडवायला बँकेत आणि पोलीस ठाण्यात फेऱ्या चालू आहेत. पण तास-दोन तास उशीर झाला असता तर तेवढी पण अडवता आली नसती असं तिथल्या हवालदारसाहेबांनी सांगितलं. असलं झालं की घरात लोक लाजेने दिवसभर गप्प बसतात, तोच वेळ त्या चोरांना पाहिजे असतो.

कार्डाचं मी सोडलं नाही. १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथं मराठीत बोलता येतं. तक्रार नंबर मिळाला. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या साइटना तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो, त्याचं नाव आणि ईमेल साइटवर अगदी खाली बारीक अक्षरात असतं. मी त्यांना सरळ लिहिलं की वस्तू बिघडलेली नाही, वस्तू बनावट आहे, हे दोन वेगळे विषय आहेत, सोबत दोन फोटो आणि १९१५ चा नंबर. "चालत नाही" लिहिलं की ते रिटर्नची मुदत दाखवतात, "बनावट" लिहिलं की त्यांना वेगळं उत्तर द्यावं लागतं, हा माझा अनुभव. एकोणिसाव्या दिवशी ४,६५० परत आले. विक्रेत्याचं दुकान त्या साइटवरनं गायब झालं होतं, आणि आठवड्याने तेच फोटो, तीच किंमत, दुसऱ्या नावाने परत दिसायला लागली. मी त्याची पण तक्रार केलीय.

खरं सांगायचं तर मला आधी एक धक्का बसलेला होता तरी मी शिकलो नाही. तीन वर्षांपूर्वी दोन टीबीचा पेनड्राइव्ह ७९९ ला घेतला होता, त्यावर जोतिबाच्या चैत्र यात्रेचे सगळे फोटो टाकले, फाइलींची नावं सगळी दिसत होती, पण सुरुवातीच्या शंभर-दोनशे सोडल्या तर एकही उघडेना. युक्ती तीच, पेनड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलर चिपला खोटा आकडा सांगायला लावायचा. आता मी कुठलाही पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी आणला की आधी एचटू-टेस्ट-डब्ल्यू हे तपासणीचं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरून वाचून बघतो, रात्रभर लागली तरी चालेल. हार्ड डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये किती तास चाललीय ते बघतो, नवी म्हणून घेतलेली डिस्क हजारो तास दाखवत असेल तर परत. आकडा शून्य असला तरी मी पूर्ण तपासतो, कारण तो पण पुसता येतो. टॉर्च-पॉवरबँकसाठी १८६५० आकाराचे चार्जिंगचे सेल घेणाऱ्यांनी पण बघा, ९,९०० एमएएच छापलेलं असतं, त्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास बसतं.

परत आलेल्या पैशात थोडी भर घालून शेवटी राजारामपुरीतनं काकांकडचं ते जुनं कार्ड आणलं. काकांनी समोर लावलं, जीपीयू-झेड दाखवलं, मागं व्हीजीए नव्हता. भाचा सोबत होता पण गप्प होता. घरी आल्यावर त्याने ब्लेंडर उघडलं, कार्ड यादीत आलं, तीच फ्रेम दोन मिनिटांच्या आत झाली. तेव्हा म्हणाला, मामा, आईचे पैसे मी देणार. मी म्हटलं आधी शिक.

ते बनावट कार्ड मी फेकलेलं नाही, पिकअपला कुणी आलंच नाही. माझ्या टेबलावर आहे, उघडून ठेवलंय. कोल्हापुरात कुणी जुनं कार्ड किंवा डिस्क घेतली असेल आणि शंका असेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत घेऊन या, रविवारी सकाळी मी घरीच असतो, दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.